प्रतिपिंडाची साक्ष आणि तिच्या मर्यादा : आयनवाहक प्रथिनाच्या शोधातील 'टी-४' या प्रतिपिंडाची चिकित्सा

सारांश

पेशीपटलातून आयनांची ने-आण करणारी प्रथिने ऊतीत नेमकी कोठे आहेत हे दाखविण्यासाठी प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचा वापर केला जातो. सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहक ओळखणारे 'टी-४' हे अशा प्रतिपिंडांपैकी एक महत्त्वाचे साधन होय. गोड्या पाण्यातील तिलापिया माशाच्या आयनशोषक पेशींत या प्रतिपिंडाने दाखविलेले प्रथिन प्रत्यक्षात वेगळेच असल्याचे २००८ साली स्पष्ट झाले. या उदाहरणाच्या आधारे प्रतिपिंडाच्या पुराव्याचे स्वरूप, त्याचे सामर्थ्य व मर्यादा यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रतिपिंडाच्या कुपीवर छापलेले नाव हे गृहीतक असून प्रत्येक नव्या जातीच्या संदर्भात ते स्वतंत्रपणे तपासले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रतिपिंड, आयनवाहक प्रथिन, क्लोराइड पेशी, तिलापिया, विशिष्टता, प्रमाणीकरण

प्रास्ताविक

जीवशास्त्रातील एखाद्या शोधनिबंधात काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या किंवा तांबड्या रंगाने उजळलेल्या पेशींचे छायाचित्र असते. त्याखाली एका प्रथिनाचे नाव असते. वाचक ते छायाचित्र पाहतो आणि ते प्रथिन त्या पेशीत आहे असे मानून पुढे जातो. वस्तुतः त्या छायाचित्रात प्रथिन दिसत नसते. प्रतिपिंडाला जोडलेले प्रतिदीप्त रंगद्रव्य दिसत असते. प्रतिपिंड जेथे चिकटले तेथे रंग आला, इतकेच छायाचित्र सांगते. ते ज्याला चिकटले तो पदार्थ म्हणजे नावात लिहिलेले प्रथिनच होय, हे विधान छायाचित्राच्या बाहेरून आणावे लागते. या दोन विधानांमधील अंतर कसे भरले जाते आणि ते भरले नाही तर काय घडते, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. पाठ्यपुस्तकांतील आकृत्या, पदव्युत्तर वर्गातील व्याख्याने आणि पीएच. डी. प्रबंधांतील निष्कर्ष अशा छायाचित्रांवर उभे असतात. एका पेशीच्या आकृतीत वाहक प्रथिनाचे नाव बदलले की त्या पेशीत आयन कसे शिरतात याविषयीची संपूर्ण उपपत्ती बदलते. त्यामुळे प्रतिपिंडाची साक्ष कशी तपासावी हा प्रश्न संशोधकाइतकाच अध्यापकाचाही ठरतो.

पार्श्वभूमी : नाव १९३२ चे, पुरावा १९८२ चा

सागरी मासा पाण्याबरोबर क्षारही गिळतो आणि जादा क्षार त्याला शरीराबाहेर टाकावा लागतो. गोड्या पाण्यातील माशाची अडचण उलट असते. त्याच्या रक्तातील क्षार सतत पाण्यात झिरपत असतो आणि अत्यंत विरळ पाण्यातून तो परत मिळवावा लागतो. दोन्ही कामे प्रामुख्याने कल्ल्यांतील विशिष्ट पेशी करतात. या पेशींत तंतुकणिका विपुल असतात.

कीज आणि विल्मर यांनी १९३२ साली ईल माशाच्या कल्ल्यांतील अशा पेशींचे वर्णन केले आणि त्या क्लोराइड उत्सर्जित करतात असे सुचविले. त्यातूनच 'क्लोराइड पेशी' हे नाव रूढ झाले. हे अनुमान योग्य होते. परंतु त्याचा थेट पुरावा मिळण्यास पन्नास वर्षे लागली. फॉस्केट आणि शेफी यांनी १९८२ साली समुद्राच्या पाण्यात राहिलेल्या मोझांबिक तिलापियाच्या कल्ल्यांवरील झाकणाचे आतील आवरण घेतले व कंप पावणाऱ्या सूक्ष्म शलाकेच्या साहाय्याने एकेका पेशीवरील विद्युत्प्रवाह मोजला. प्रवाहाचा उगम क्लोराइड पेशींतच होतो हे त्यामुळे निश्चित झाले. पेशीला दिलेले नाव आणि पेशीचे सिद्ध झालेले कार्य यांत अर्धशतकाचे अंतर होते. त्या काळात नावच पुराव्याची जागा घेईल अशी शक्यता होती, पण मोजमापाचा आग्रह धरणारे संशोधक असल्यामुळे ती टळली. पुढे प्रतिपिंडांच्या बाबतीत हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

दरम्यान पेशींतील वाहक प्रथिनांची ओळख पटत गेली. येन्स ख्रिश्चन स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांतून सोडियम-पोटॅशियम पंपाचे विकर प्रकाशात आणले. या कार्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा पंप तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. त्याने निर्माण केलेल्या उतारावर इतर सहवाहक काम करतात. त्यांपैकी एक सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड हे तिन्ही आयन एकत्र नेतो. दुसरा केवळ सोडियम व क्लोराइड नेतो. दोन्ही एकाच प्रथिनकुलातील आहेत. मानवी मूत्रपिंडात पहिल्या गटातील एका वाहकावर फ्युरोसेमाइड हे औषध परिणाम करते, तर दुसऱ्यावर थायझाइड वर्गातील औषधे परिणाम करतात. म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने हे दोन वाहक स्पष्टपणे वेगळे आहेत. तथापि त्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात मोठे साम्य आहे. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ या साम्यात आहे.

'टी-४' : जन्म आणि गुण

एकाच प्रकारचे प्रतिपिंड अमर्याद काळ निर्माण करणाऱ्या संकरित पेशींचे तंत्र कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली मांडले आणि १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. या तंत्राने तयार झालेल्या पेशींचा संग्रह व वितरण करण्यासाठी अमेरिकेत १९८६ साली एक ना-नफा पेढी स्थापन झाली. आज ती आयोवा विद्यापीठात आहे. अल्प मूल्यात प्रतिपिंडे देणाऱ्या या पेढीमुळे मोठा निधी नसलेल्या प्रयोगशाळांनाही चांगली साधने उपलब्ध झाली.

'टी-४' हे याच मार्गाने जगभर पोहोचले. ख्रिश्चन लायटल, ब्लिस फॉरबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहकाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानवी मोठ्या आतड्याच्या पेशींतील सहवाहकाच्या शेपटाकडील सुमारे ३१० अमिनो आम्लांचा तुकडा उंदरांना टोचून 'टी-४' मिळविण्यात आले होते. त्याचा विशेष असा की, माणसाच्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेले हे प्रतिपिंड अनेक प्राण्यांच्या ऊतींत प्रतिसाद देत होते. याचे कारण उघड आहे. ज्या भागाला ते चिकटते तो भाग उत्क्रांतीच्या ओघात फारसा बदललेला नाही.

हा गुण मत्स्यशास्त्रासाठी वरदान ठरला. माशांच्या बहुतेक जातींसाठी स्वतंत्र प्रतिपिंडे नव्हती आणि ती तयार करणे खर्चाचे व वेळखाऊ होते. अशा वेळी मानवी प्रथिनाविरुद्धचे तयार प्रतिपिंड माशाच्या कल्ल्यांतही चालते, ही सोय मोठी होती. परंतु जो भाग माणसापासून माशापर्यंत टिकून राहिला, तो एकाच प्रथिनकुलातील भावंडांमध्येही टिकून राहिलेला असू शकतो. म्हणजे ज्या कारणाने 'टी-४' जातींच्या सीमा ओलांडते, त्याच कारणाने ते प्रथिनांच्या सीमाही ओलांडू शकते. पहिली गोष्ट लाभाची म्हणून लगेच ध्यानात आली. दुसरीची दखल घेण्यास काळ जावा लागला.

तिलापियाच्या पेशींचे वर्गीकरण आणि त्याचे पुनर्वाचन

मोझांबिक तिलापिया गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत जगतो. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा आज देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. महाराष्ट्रात उजनीसारख्या जलाशयांच्या परिसरात तिलापिया 'चिलापी' या नावाने ओळखला जातो. त्याचे भ्रूण पीतक कोशाच्या आवरणातील पेशींद्वारे आयनांचे नियमन करतात. हे आवरण पातळ व सपाट असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासासाठी सोयीचे ठरते.

हिरोई, मॅकॉर्मिक, कानेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली या आवरणातील पेशींवर एकाच वेळी तीन प्रथिनांची चाचणी केली : सोडियम-पोटॅशियम पंप, सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहक आणि क्लोराइडची वाट असलेली सीएफटीआर वाहिनी. सहवाहकासाठी 'टी-४' वापरले होते. तीन रंगांच्या मांडणीवरून पेशींचे चार प्रकार ठरले. पहिल्या प्रकारात केवळ पंप होता. दुसऱ्यात पंपाबरोबर सहवाहकाचा रंग पेशीच्या शीर्षभागी, म्हणजे पाण्याकडील बाजूस, दिसला. तिसऱ्यात तो रंग तळ-पार्श्व बाजूस, म्हणजे रक्ताकडे, होता. चौथ्यात सहवाहक तळ-पार्श्व बाजूस आणि सीएफटीआर वाहिनी शीर्षभागी होती. दुसरा व तिसरा प्रकार गोड्या पाण्यात, तर चौथा खाऱ्या पाण्यात आढळला.

हे वर्गीकरण अत्यंत फलदायी होते. चौथ्या प्रकारातील मांडणी क्षार उत्सर्जनाच्या प्रचलित उपपत्तीशी तंतोतंत जुळत होती. दुसऱ्या प्रकाराचा अर्थ लावताना मात्र अडचण होती. शीर्षभागी असलेला सहवाहक पाण्यातून आयन आत घेत असणार, असे वाचन स्वाभाविक होते. पण तो सहवाहक खरोखर सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड एकत्र नेणारा असेल, तर गोड्या पाण्यात त्याचे काम कसे चालणार?

हा आक्षेप साध्या गणिताने समजून घेता येतो. या सहवाहकाच्या एका फेरीत विद्युत्भाराची बेरीज शून्य असते. त्यामुळे त्याची दिशा केवळ दोन्ही बाजूंच्या आयनांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरते. उदाहरणादाखल ढोबळ आकडे घेऊ. बाहेरील पाण्यात सोडियम व क्लोराइड प्रत्येकी १ आणि पोटॅशियम ०.१ मिलिमोल प्रतिलिटर मानले, आणि पेशीत सोडियम १०, पोटॅशियम १०० व क्लोराइड २० मिलिमोल मानले. या सहवाहकाबरोबर क्लोराइडचे दोन आयन जात असल्याने त्याच्या संहतीचा वर्ग घ्यावा लागतो. बाहेरील गुणाकार ०.१ येतो, आतील ४,००,००० येतो. आतील बाजू बाहेरीलपेक्षा ४० लाख पटींनी जड ठरते. अशा स्थितीत आयन आत येण्याऐवजी बाहेर जाण्याकडेच कल असणार. याउलट केवळ सोडियम व क्लोराइड नेणाऱ्या वाहकाचा हिशेब केला, तर आतील गुणाकार २०० आणि बाहेरील १ येतो. चढ येथेही आहे, पण तो २०० पटींचा आहे. पेशीतील या दोन आयनांची पातळी काही यंत्रणेने खूप खाली ठेवली गेली, तर तो ओलांडण्याची शक्यता निदान कल्पनेत मांडता येते. पोटॅशियमची अट आली की ती शक्यताही उरत नाही.

म्हणजे छायाचित्र एक गोष्ट सांगत होते आणि ऊष्मागतिकी दुसरी. अशा वेळी छायाचित्राच्या बाजूने कौल देण्याचा मोह मोठा असतो, कारण डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर शंका घेणे अवघड जाते.

२००८ : उत्तर कसे मिळाले

या कोड्याचे उत्तर बहुतांशी त्याच संशोधकांनी २००८ साली दिले. त्यांची पद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. आधीच्या छायाचित्रांची संख्या वाढविण्याऐवजी त्यांनी प्रश्न जनुकांच्या पातळीवर नेला. तिलापियाच्या कल्ल्यांतून या प्रथिनकुलातील चार वेगवेगळे संपूर्ण जनुकीय क्रम त्यांनी वेगळे केले. त्यांपैकी तीन सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहकाच्या गटातील होते व चौथा सोडियम-क्लोराइड सहवाहकाचा होता. नंतर कोणत्या पाण्यात कोणत्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए तयार होतो हे तपासले. पहिल्या गटातील '१ए' या प्रकाराचा संदेश खाऱ्या पाण्यातील माशांत मुबलक होता. सोडियम-क्लोराइड सहवाहकाचा संदेश मात्र केवळ गोड्या पाण्यातील माशांत आढळला.

त्यानंतर या दोन प्रथिनांसाठी तिलापियाच्याच क्रमावर आधारित स्वतंत्र प्रतिपिंडे तयार करण्यात आली आणि पाच रंगांचे एकत्रित रंजन करण्यात आले. '१ए' चा रंग खाऱ्या पाण्यातील चौथ्या प्रकारच्या पेशींच्या तळ-पार्श्व बाजूस आला. सोडियम-क्लोराइड सहवाहकाचा रंग गोड्या पाण्यातील दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या शीर्षभागापुरता मर्यादित होता. म्हणजे २००५ साली 'टी-४' ने जेथे शीर्षभागी रंग दाखविला, तेथे बसलेले प्रथिन पोटॅशियम न नेणारे भावंड होते.

या घटनेचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावी लागतात. '२००५ चे काम चुकले' असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पेशींचे चार प्रकार, त्यांची स्थाने आणि पाण्यानुसार होणारा बदल हे सर्व टिकून राहिले. 'टी-४' ने दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या शीर्षभागी या कुलातील एक प्रथिन आहे हे अचूक दाखविले होते. बदलले ते त्या प्रथिनाचे नाव. पण 'केवळ नावच बदलले' असे म्हणून ही बाब सोडून देणेही योग्य नाही. नावाबरोबर कोणते आयन जातात, ऊर्जा कोठून येते आणि कोणत्या औषधाने ती क्रिया थांबेल, हे सर्व बदलते. गोड्या पाण्यातील आयनशोषणाची नवी उपपत्ती याच बदलावर उभारली गेली.

सोडियम-क्लोराइड सहवाहक मान्य केल्यानंतरही वर दाखविलेला २०० पटींचा चढ शिल्लक राहतो. शीर्षभागी हा वाहक आहे हे स्थान निश्चित झाले. तो विरळ पाण्यात कोणत्या स्थानिक परिस्थितीमुळे कार्य करतो हा प्रश्न त्याने मिटला नाही. प्रतिपिंड स्थान सांगते. कार्यासाठी १९८२ च्या मोजमापासारखा वेगळा पुरावा लागतो.

दोन समांतर उदाहरणे

'टी-४' चे प्रकरण अपवादात्मक नाही, हे त्याच क्षेत्रातील आणखी दोन प्रतिपिंडांवरून दिसते.

पहिले 'अल्फा-५'. बाल्टिमोर येथील डग्लस फॅम्ब्रो यांच्या प्रयोगशाळेत ते कोंबडीच्या सोडियम-पोटॅशियम पंपाविरुद्ध तयार झाले. कीटकांपासून माशांपर्यंत ते वापरले जाते. त्याच्या नावातील 'अल्फा-५' हा क्लोनचा क्रमांक आहे. पंपाच्या अल्फा उपघटकाच्या पाचव्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही, हे नवख्या वाचकाने ध्यानात घ्यावे. हे प्रतिपिंड अल्फा उपघटकाचे सर्व प्रकार ओळखते. येथे प्रथिनाची ओळख चुकत नाही. पंप तो पंपच असतो. पण रेनबो ट्राउट माशात २००३ साली असे आढळले की, गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात नेल्यावर 'अल्फा-१ए' या प्रकाराचा संदेश घटतो आणि 'अल्फा-१बी' चा वाढतो. मॅकॉर्मिक व सहकाऱ्यांनी २००९ साली अटलांटिक सामन माशासाठी या दोन प्रकारांची स्वतंत्र प्रतिपिंडे तयार केली आणि गोड्या व खाऱ्या पाण्यातील प्रकार वेगळे असल्याचे प्रथिनाच्या पातळीवर दाखविले. एक प्रकार घटत असताना दुसरा वाढत असेल, तर दोन्ही ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला एकूण रंगात फारसा फरक जाणवणार नाही. अभ्यासक 'बदल नाही' असा निष्कर्ष काढील आणि नेमका महत्त्वाचा बदल त्याच्या नजरेतून निसटेल.

दुसरे उदाहरण 'आर-५' चे. सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहक पटलात असला म्हणजे कार्यरत असतोच असे नाही. त्याच्या आरंभाकडील भागातील ठरावीक थ्रिओनिनांना फॉस्फेट जोडले गेले की तो सक्रिय होतो. फॉरबुश यांच्या गटाने २००२ साली केवळ फॉस्फेटयुक्त रूप ओळखणारे 'आर-५' हे प्रतिपिंड प्रसिद्ध केले. 'टी-४' झोपलेला व जागा सहवाहक असा भेद करीत नाही, 'आर-५' करते.

ही तीन उदाहरणे एकत्र ठेवली की प्रतिपिंडाला विचारायचे तीन प्रश्न वेगळे करता येतात. हे प्रथिन कोणते? त्याचा उपप्रकार कोणता? ते कोणत्या अवस्थेत आहे? एकाच प्रतिपिंडाने तिन्ही प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. अनेक निबंधांतील त्रुटी अशी असते की, एका प्रश्नाचे उत्तर मिळाले असता उरलेल्या दोहोंचेही मिळाले असे मानले जाते.

रूढ नियंत्रण-चाचण्यांची चिकित्सा

प्रतिपिंडाची विशिष्टता सिद्ध करण्यासाठी निबंधांत काही चाचण्या नेमाने दिलेल्या असतात. त्या किती भार पेलू शकतात हे पाहणे आवश्यक आहे.

पहिली चाचणी प्राथमिक प्रतिपिंड वगळण्याची. ते न वापरता रंग येत नसेल, तर दुय्यम प्रतिपिंड स्वतःहून ऊतीला चिकटत नाही इतकेच सिद्ध होते. प्राथमिक प्रतिपिंड कशाला चिकटते याविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही.

दुसरी चाचणी पूर्वशोषणाची. ज्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंड तयार केले, तो तुकडा आधीच मिसळल्यास रंग नाहीसा होतो. यावरून प्रतिपिंड त्या तुकड्याला चिकटते हे कळते. पण ऊतीतील दुसऱ्या प्रथिनात तसाच तुकडा असेल, तर तेथील रंगही त्याच चाचणीत नाहीसा होईल. 'टी-४' च्या बाबतीत ही चाचणी निर्दोष पार पडूनही मूळ गफलत कायम राहिली असती. 'जर्नल ऑफ कंपॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी' या नियतकालिकाचे संपादक क्लिफर्ड सेपर यांनी २००५ साली वाचकांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात प्रतिपिंडांच्या काटेकोर नोंदी व नियंत्रणांचा आग्रह धरला, तो अशाच अनुभवांमुळे.

तिसरी चाचणी वेस्टर्न ब्लॉटची. योग्य रेणुभाराची पट्टी मिळाली की समाधान मानले जाते. ही चाचणी पहिल्या दोहोंपेक्षा उपयुक्त आहे. मात्र या कुलातील प्रथिनांना शर्करा जोडलेल्या असतात, त्यामुळे पट्टी रुंद व अस्पष्ट येते आणि तिचे स्थानही सरकते. शिवाय ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडलेले असते, तर ऊतीत ते स्थिरीकरणाच्या रसायनांनी बांधलेले असते. एका ठिकाणी विशिष्ट ठरलेले प्रतिपिंड दुसऱ्या ठिकाणी तसे असेलच असे नाही.

मग विश्वास कशावर ठेवावा? मथियास उलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रमाणीकरणाचे पाच मार्ग मांडले : जनुक निकामी करून किंवा दाबून रंग जातो का ते पाहणे, प्रतिपिंडाविना होणाऱ्या मोजमापाशी तुलना, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाविरुद्धचे दुसरे प्रतिपिंड, खूण जोडलेल्या प्रथिनाची अभिव्यक्ती, आणि प्रतिपिंडाने पकडलेल्या पदार्थाची वस्तुमान-वर्णपटाने ओळख. २००८ च्या तिलापिया अभ्यासाने यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या मार्गाचा आशय आठ वर्षे आधीच प्रत्यक्षात आणला होता, असे म्हणता येईल. संदेशवाहक आरएनएची मोजणी हा प्रतिपिंडाविना मिळालेला पुरावा होता आणि नवी प्रतिपिंडे ही स्वतंत्र साक्ष होती.

प्रश्नाची व्याप्ती किती मोठी आहे हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीतून दिसून आले. ६५ मानवी प्रथिनांसाठी विक्रीस असलेली ६१४ प्रतिपिंडे, जनुक निकामी केलेल्या पेशींच्या तुलनेत तपासण्यात आली. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ प्रकाशित निबंधांत असे प्रतिपिंड वापरले गेले होते की जे त्या प्रथिनाला ओळखतच नव्हते. मानवी पेशींच्या बाबतीत ही स्थिती असेल, तर ज्यांचा जनुकीय क्रमही पूर्ण ज्ञात नाही अशा प्राणिजातींवरील कामात किती सावध राहावे लागेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

महाविद्यालयीन संशोधनाच्या संदर्भात

जनुक निकामी करण्याची सोय प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असू शकत नाही. स्थानिक नदीतील किंवा खाडीतील माशावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला अन्य जातीसाठी तयार झालेले प्रतिपिंडच वापरावे लागते. हा मार्ग गैर नाही. 'टी-४' व 'अल्फा-५' यांनी याच मार्गाने मोठे ज्ञान मिळवून दिले. अपेक्षा आहे ती निष्कर्षाची भाषा पुराव्याच्या मापात ठेवण्याची. 'शीर्षभागी सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहक आढळला' आणि 'शीर्षभागी टी-४ चा प्रतिसाद आढळला' या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. दुसरे वाक्य २००५ साली खरे होते व आजही खरे आहे. पहिले सुमारे तीन वर्षेच टिकले.

याशिवाय कमी खर्चात करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. ज्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले, त्याचा अमिनो आम्लक्रम सार्वजनिक जनुककोशातून घेऊन अभ्यासविषय असलेल्या जातीच्या किंवा तिच्या निकटच्या जातीच्या क्रमाशी पडताळता येतो. त्याच कुलातील इतर प्रथिनांशीही तुलना करता येते. यासाठी संगणक व थोडा वेळ पुरतो. ज्या ऊतीत ते प्रथिन नसल्याचे ठाऊक आहे, ती ऊती नकारात्मक नियंत्रण म्हणून वापरता येते. प्रतिपिंडाचा क्लोन, संच क्रमांक व विरलन नोंदविणे तर कोणालाही शक्य आहे.

निबंध तपासणाऱ्या परीक्षकावरही तेवढीच जबाबदारी येते. 'प्राथमिक प्रतिपिंड वगळले असता रंग आला नाही' या वाक्यावर समाधान मानण्याऐवजी 'हे प्रतिपिंड या जातीत आणखी कशाला चिकटू शकते?' असा प्रश्न परीक्षकाने विचारला पाहिजे. आणि छायाचित्र ऊष्मागतिकीशी किंवा ज्ञात शरीरक्रियेशी विसंगत असेल, तर ती विसंगती चर्चेत नोंदविण्यास लेखकाला सांगितले पाहिजे. तिलापियाच्या प्रकरणात पुढील संशोधनाची वाट तशाच एका विसंगतीतून उघडली.

निष्कर्ष

१. प्रतिपिंडाने दिलेला रंग हा बंधनाचा पुरावा आहे. प्रथिनाच्या ओळखीसाठी त्याला स्वतंत्र आधाराची जोड लागते.

२. अनेक जातींत चालणारे प्रतिपिंड उत्क्रांतीत टिकून राहिलेल्या भागाला चिकटते. म्हणून त्याच कुलातील अन्य प्रथिनांना चिकटण्याची शक्यता त्याच्या बाबतीत अधिक गंभीरपणे विचारात घ्यावी लागते.

३. प्रथिनाची ओळख, त्याचा उपप्रकार व त्याची सक्रियता हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. 'टी-४', 'अल्फा-५' व 'आर-५' यांच्या तुलनेतून त्यांचे वेगळेपण स्पष्ट होते.

४. प्राथमिक प्रतिपिंड वगळणे व पूर्वशोषण या रूढ चाचण्या आवश्यक असल्या, तरी कुलातील भावंड प्रथिनांमुळे होणारी गफलत त्या पकडू शकत नाहीत.

५. २००५ ते २००८ या काळातील तिलापियावरील संशोधनात त्याच क्षेत्रातील अभ्यासकांनी स्वतःच्या निरीक्षणाचे पुनर्वाचन केले. निरीक्षण कायम ठेवून त्याचा अर्थ बदलण्याची ही रीत पदव्युत्तर वर्गात वैज्ञानिक पद्धतीचे उदाहरण म्हणून शिकविण्यास योग्य आहे.

६. साधने मर्यादित असलेल्या प्रयोगशाळांनी क्रम-तुलना, योग्य नकारात्मक ऊती आणि 'प्रतिसाद' व 'प्रथिन' यांत भेद करणारी भाषा एवढ्या तीन गोष्टी पाळल्या, तरी त्यांच्या निष्कर्षांची विश्वासार्हता लक्षणीय वाढेल.